मामाचं आवतण

डिसेंबर, येळवशीचा, म्हणजे शेतात पूजा करून जेवायच्या वेळा अमावास्येचा, आदला दिवस. मी आंबिलीसाठी ज्वारीचं पीठ ताकात कालवत होते. त्या आंबूस वासानं आमच्या घरातली सावत्र आईची पहिली येळवस आठवली.

माझी आई वारली, वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि अहमदपूरचा मामा आमच्याकडे यायचा बंद झाला. बहीणच नाही तर जायचं कुणाकडं, असं त्याचं म्हणणं. आजोळ कायमचं तुटलं, ही धास्ती मी कुणाला सांगितली नव्हती. त्या येळवशीला नव्या आईनं परस्पर निरोप धाडून त्याला शेतात जेवायला बोलावलं.

शेतात पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीजवळ आत्यानं टोमणा मारलाच. "सवतीच्या भावाला आवतण? लई नवल हाय, वहिनी."

"माझ्या लेकीचा मामा हाय. मंग माझा कोण लागतो?" शेंगा-पालेभाज्यांची भज्जी ढवळत ती म्हणाली.

मामा आला, पण पंगतीला बसेना. तिनं आंबिलीचा तांब्या त्याच्यापुढं ठेवला. "दादा, भाचीचं आजोळ तोडू नका. माझ्यावर रुसायचं तर जेवून रुसा."

मामाला हसू आलं. तो बसला, आणि मी त्याच्या मांडीला मांडी लावून जेवले.

तेव्हा मामा परत आला एवढंच मला दिसलं. सगळ्या भावकीसमोर तो नाही म्हणाला असता तर तिची काय शोभा झाली असती, हे आता कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामासोबत अहमदपूरला आजोळी निघाले, तर ती आमच्याआधी एसटीत चढून बसलेली. म्हणाली, "मलाबी माझं दुसरं माहेर बघू द्या."