चाळीस दिवसांचा मास्तर

घरात केळीचा घड टांगला, की आधी एकच केळं पिवळं पडतं. माणूस म्हणतो, सावकाश खाऊ. दुसऱ्या दिवशी पाहावं तं सगळा घड पिकलेला, आणि घरात खाणारं कोणी नाही. किस्स्यांचंही तसंच. मी बोलते, सूनबाई लिहून घेते. ती कंटाळायच्या आत सांगते.

आमचे हे बुधवारा मोहल्ल्यातल्या मराठी शाळेत मास्तर. एका जुन्या पुस्तकात त्यांना एक माणूस भेटला. त्याचं नाव माझ्या जिभेवर कधी बसलं नाही. आम्ही सगळे त्याला तुर्की मास्तर म्हणायचो. तुर्कस्तानचा नव्हे, त्याच्याही पलीकडच्या मुलखातला. बोली तेवढी तुर्की वळणाची. त्यानं नव्या तऱ्हेच्या शाळा काढल्या, चाळीस दिवसांत वाचायला शिकवायचा. बातम्यांचा पेपर काढला. पोरींनीही शिकावं म्हणाला. त्याच्याच लोकांनी त्याला धर्मबुडवा म्हटलं, राजानं फितूर म्हटलं. पुढे राजा गेला, नवं सरकार आलं, हा त्यात मंत्री झाला. आणि त्याच सरकारनं त्याला गोळी घातली. कुठे पुरलं, कोणाला ठाऊक नाही.

ह्यांनी त्याचं चरित्र लिहायला घेतलं. इच्छा एकच: दुसऱ्या एका माणसानं तरी ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावं.

*

दर रविवारी ओसरीत तिघं जमायचे. शाहपूरचे रामदासभाऊ, केळीवाले. शेजारचे अन्सारी चाचा, पावरलूमवाले. आणि पेपर मिलमधून रिटायर झालेले देशपांडे साहेब. लिहायला कागद तेच आणून द्यायचे.

हे दोन पानं वाचून दाखवायचे. देशपांडे साहेब तिसऱ्या ओळीला झोपायचे. कागद त्यांचा, म्हणून कोणी उठवत नसे.

मग हे म्हणायचे, विचारा काही. रामदासभाऊंचा प्रश्न वर्षानुवर्षं तोच: "त्यांच्याकडे केळी व्हायची का?"

"नाही हो. खरबूज, कापूस."

रामदासभाऊ खिन्नपणे मान हलवायचे. "मग सुधारणा करून तरी काय उपयोग होता!"

*

शाळेतली पोरं कमी व्हायला लागली. तुर्की मास्तर दारोदार फिरून पोरं गोळा करायचा, म्हणून हेही छत्री घेऊन निघाले. आठ दिवस फिरले. नवव्या दिवशी एका घरच्या बाईनं चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मास्तर, तुमचा नातू कोणत्या शाळेत जातो?"

नातू आमचा इंग्लिश मीडियमला.

त्या दिवशी हे जेवले नाहीत. पुढच्या वर्षी शाळा बंद झाली. फळा तेवढा घरी आला. सूनबाई त्याच्यावर पापड वाळत घालायची.

*

पुस्तक पुरं झालं तेव्हा हे एका छापखान्यात गेले. मालकानं गठ्ठा हातात तोलून पाहिला, उघडला नाही. विचारलं, ज्यांच्यावर लिहिलं ते आपल्या समाजाचे का? नाही म्हणाले. त्यांची जयंती होते का कुठे? नाही. त्यांच्या घरचं कोणी निवडणुकीला उभं राहणार?

"त्यांना गोळी घातली," हे म्हणाले.

"आपल्याकडच्या लोकांनी?"

"नाही."

"मग कोण घेणार, सर?"

*

पितृपक्षातली सर्वपित्री अमावास्या ही ज्यांची तिथी माहीत नाही त्यांची. ह्यांनी घरच्या पितरांसोबत तुर्की मास्तरचंही पान वाढायला सांगितलं. सूनबाई म्हणाली, अहो, ते मुसलमान होते ना? ह्यांनी विचार केला आणि अन्सारी चाचांना बोलावून आणलं.

चाचा म्हणाले, "भाभी, खीर आप बनाओ, फ़ातिहा मैं पढ़ देता हूँ।"

तसंच झालं. फ़ातिहा, म्हणजे त्यांच्यातली गेलेल्यांसाठीची प्रार्थना, झाल्यावर चाचा स्वतः पान घेऊन गच्चीवर गेले आणि हात वर करून कावळ्यांना हाका मारत उभे राहिले. ज्याला स्वतःच्या मुलखात मूठभर माती मिळाली नाही, त्याला बुधवाऱ्यात दोन्हीकडचं मिळालं. पण गठ्ठा कोणी उघडला नाही. चाचांना मराठी वाचता येत नव्हतं.

*

एका रविवारी हे पुन्हा तेच सांगत होते, चाळीस दिवसांत अडाणी माणूस वाचायला लागतो. मी चुलीपाशी होते. तिथूनच म्हटलं, "मला ह्या घरात चाळीस वर्षं झाली."

देशपांडे साहेबसुद्धा जागे झाले.

दुसऱ्या दिवशी पापड उतरले, फळा भिंतीला लागला. शिकवायच्या आधी हे रोज विचारायचे, "आज कितवा दिवस?" मी म्हणायचे, "पहिला." मग, "दुसरा." क झाला, म झाला, ल झाला. नवव्या दिवशी त्यांना गठ्ठ्यातलं एक प्रकरण चुकीचं वाटलं. म्हणाले, आज राहू दे, उद्या बसू. ते प्रकरण पुन्हा लिहिण्यात तीन वर्षं गेली. फळ्यावर परत पापड आले.

*

मागच्या वर्षी ह्यांना मेंदूचा झटका आला. हातपाय वाचले, बोलणंही हळूहळू आलं. अक्षरं गेली. डॉक्टर म्हणाले, वाचता येईल की नाही, सांगता येत नाही. रामदासभाऊ वारले होते, देशपांडे साहेब मुलाकडे नाशिकला गेले. चाचा यायचे, हात धरून बसायचे.

एका दुपारी ह्यांनी गठ्ठा मांडीवर घेतला. पानं उलटली, परत उलटली.

"हे कोणी लिहिलं गं?"

"तुम्ही."

माझ्या अडाणीपणाला हसावं तसे हसले. पहिलं पान माझ्यापुढे धरलं. "वाच बरं."

मी ओळीवर बोट ठेवलं. एक क सापडला. पुढे बरंच काही होतं, ते सोडलं. मग एक म सापडला. प्रत्येक अक्षराला ते मान हलवत होते, शाळेतल्या पोरांसमोर हलवायचे तशी.

"छान," म्हणाले. "आज कितवा दिवस?"

मी म्हटलं, "पहिला."