संहितेवर बसणारा नट

अर्कादी पेत्रोविच गेल्याचं फ्राऊ केलरनं, आमच्या घरमालकिणीनं, मला कारखान्यात फोन करून कळवलं. त्सुफेनहाउझेन या जर्मन उपनगरातल्या तिच्या घरात आमच्या खोल्या समोरासमोर. मी शिकायला येऊन इथंच नोकरीला चिकटलेला पुणेकर, ते महायुद्धानंतर मायदेशी न परतलेले रशियन नट. वर्तमानपत्रानं त्यांना दोन ओळी दिल्या... ‘चित्रपटांतून छोट्या भूमिका करणारे.’ छोट्या! कित्येक आठवडे झाले, हा शब्द माझ्या घशाखाली उतरत नाही.

त्यांच्या शहरात त्यांचं नाटक लागलं की थिएटरात जागा मिळायची नाही. इथल्या सिनेमावाल्यांना मात्र त्यांच्यात एकच माणूस दिसायचा, दारू पिऊन दार फोडणारा रशियन सैनिक. “या देशातली सगळी दारं फोडून झाली, हेर जोशी,” ते मला जर्मन रीतीनं ‘श्रीयुत’ लावून म्हणायचे. “एकदा तरी मला बेल वाजवू द्या म्हणावं!”

आमची ओळख भांडणातून झाली. जिन्यात त्यांच्या हातून संहिता पडली आणि हा दांडगा माणूस खुशाल तिच्यावर जाऊन बसला. आपल्याकडे कागदाला पाय लागला तरी नमस्कार करतात, मी चक्क मराठीतच ओरडलो, “अहो, विद्या आहे ती!” मग जर्मनमधून समजावलं. ते म्हणाले, “आमच्याकडे पडलेली संहिता नटानं आधी तिच्यावर बसून मगच उचलायची. नाहीतर भूमिका हातची जाते.”

अखेर एक मोठी भूमिका आली, खेड्यातल्या म्हाताऱ्या डॉक्टरची. न्हाणीत, ट्रामच्या थांब्यावर, जिथं तिथं त्यांचे संवाद चालू. चित्रीकरणाला मलाही म्युनिकला घेऊन गेले. सगळी तयारी झाल्यावर दिग्दर्शक सहज म्हणाला, “चेहरा उत्तम आहे तुमचा. आवाज नंतर दुसऱ्याचा घालू. असे उच्चार लोकांना चालायचे नाहीत.” अर्कादी पेत्रोविचांच्या हातून संहिता खाली पडली. सवयीनं ते तिच्यावर बसले. सगळे हसले. रिवाजाला क्षणभर बसणं पुरतं, पण ते उठेनात. दिग्दर्शक ओरडला, तरी नाही. “हा डॉक्टर माझ्या आवाजात बोलेल, नाहीतर बोलणार नाही.”

भूमिका दुसऱ्याला गेली. परतीच्या गाडीत मी चिडून म्हणालो, “बसून काय उपयोग झाला? गेलीच ना?”

“गेली कुठं?” म्हणत त्यांनी कोटातून संहिता काढून दाखवली.

पुढच्या रविवारी फ्राऊ केलरच्या स्वयंपाकघरात त्यांनी तो अख्खा डॉक्टर उभा केला, आपल्या त्या जाडजूड रशियन उच्चारांत. प्रेक्षक आम्ही दोघंच. फ्राऊ केलरचा मुलगा रशियातल्या लढाईवरून परतला नव्हता; भाड्यापलीकडे ती अर्कादी पेत्रोविचांशी कधी बोलायची नाही. त्या दिवशी तिनं सूप वाढलं आणि म्हणाली, “घ्या, हेर डॉक्टर.” पुढं शेवटपर्यंत ती त्यांना हेर डॉक्टरच म्हणत राहिली. कुणी म्हणून दाखवावं ही भूमिका छोटी!

परवा त्यांची खोली आवरताना कपाटातून तीच संहिता निसटून जमिनीवर पडली. मी वाकलो, तिला स्पर्श करून हात कपाळाला लावला... आणि सरळ तिच्यावर बसलो. फ्राऊ केलर दारात आली. “हेर जोशी, उठा. नवा भाडेकरू खाली उभा आहे.”

“नाही उठत,” मी म्हणालो.

तिनं माझ्याखालचे कागद पाहिले. ती जिना उतरून गेली. मग खालून तिचा खणखणीत आवाज आला, “आज जमायचं नाही. डॉक्टरांची खोली अजून रिकामी नाही.”