दुसऱ्यांदा मागितलेला बाप्तिस्मा

अमेरिकेतल्या लढाईमुळे कापसाचा भाव चढला होता, त्या वर्षी वेचणीच्या दिवसांत अकोल्यातल्या एका माळीणबाईने दुसऱ्यांदा बाप्तिस्मा मागितला. पहिला होऊन चारच महिने झाले होते. रविवारची उपासना संपली होती आणि मी सतरंज्या गुंडाळत होतो.

तिच्या जावेने मळा मोडून कापूस लावला होता, हातात चांदीचे गोट आले होते. "देव बदलला, तरी वांगेच इकून राहिली!" असं जाऊ हिला म्हणाली. हिने तिला शिवी दिली.

"पादरीबाबा, माहं तारण गेलं. पुन्हा पाणी घाला." ती रडत होती.

पाद्र्यांनी विचारलं, "लेकरू भांडलं, तर त्याला पुन्हा जन्म देता का?"

"एकदा देल्ला तेच लई झालं!" ती रडता रडता हसली.

"मग देवाचंही तसंच आहे. तुम्ही त्याचं लेकरू आहात, ते नातं मोडत नाही."

"अन् शिवीचं?"

"जिला दिली, तिच्याकडे जा."

पुढच्या रविवारी ती आली. तिने पाणी मागितलं नाही. वांगी घेऊन जावेकडे गेल्याचं तिने सांगितलं. जाऊ बोलली नव्हती. वांगी मात्र तिने ठेवून घेतली होती.