वाट माझी, गंज तिचा

माणसाला स्वतःची पाठ दिसत नाही, याचा राग मला पुसदच्या त्या दवाखान्यात जाईपर्यंत कधी आला नव्हता.

आमच्या गावच्या शाळेत मी खिचडी शिजवते. मी आणि माझी सोबतीण. दोघी एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन एकाच गल्लीत आलो. पौर्णिमेला विहारात शेजारी बसलो, एकमेकींची बाळंतपणं काढली, आणि आमच्या बचत गटाला शाळेचं काम मिळालं तेव्हा बाकीच्या बायका मागे सरल्या नि आम्ही दोघी पुढे झालो. शाळेच्या नळाला पाणी येत नाही. म्हणून सकाळी गावच्या टाकीवरून गंज भरून आणावा लागतो. गंज म्हणजे दोन कड्यांचं जर्मनचं पातेलं, लहान पोर आत बसेल एवढं. कड्यांना दोर, दोरातून बांबू, बांबूचं पुढचं टोक माझ्या खांद्यावर, मागचं तिच्या.

कोण पुढे, कोण मागे, हे पहिल्याच दिवशी ठरलं. ती म्हणाली, "वाट तुही, गंज माहा." म्हणजे पुढचीनं खड्डा, गोटा, आडवं पडलेलं कुत्रं ओरडून सांगायचं, आणि मागचीनं दोरावर हात ठेवून गंज हलू द्यायचा नाही. पुढचीनं मागे वळून पाहायचं नाही, कारण वळलं की पाणी सांडतं. मी कधी वळले नाही. गावातले म्हणायचे, जोडी असावी तर अशी. मला ते ऐकून मूठभर मांस चढायचं.

मग माझी कंबर धरली. आधी नुसतं अवघडल्यासारखं व्हायचं, नंतर चुलीपुढून उठताना भिंत धरावी लागायची. लेप झाले, मेडिकलमधल्या गोळ्या झाल्या. दुपारी भांडी घासून झाली की सोबतीण मला शाळेच्या ओट्यावर पालथी पाडायची आणि कोमट तेलानं कंबर चोळायची. "तुही हाडंच नाजूक हायेत वं माय," म्हणायची, "मले पाह्य, कसं काहीच नाही होत." तिच्या हाताला खरंच गुण होता. तेवढा वेळ बरं वाटायचं, आणि मी मनात म्हणायचे, सख्खी बहीण तरी एवढं करते का?

शेवटी मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं. "ताई, इलाज करा. नाहीतर गटाले दुसरी बाई पाहा लागंल." ते वाईट बोलले नाहीत, पण माझ्या पायाखालची जमीन सरकली. घरात मी कोणाची तरी सून, कोणाची तरी आई असते. शाळेतच काय ती मी माझी असते. ते काम सुटलं असतं तर माझ्याकडे माझं असं काही उरलं नसतं.

पुसदच्या डॉक्टरांनी फोटो काढला, फोटोत काही निघालं नाही, आणि त्यांनी फिजिओथेरपीला धाडलं. सोबतीण बरोबर आलीच. मला वाटलं होतं, एखादी मशीन लावतील, शेक देतील, मोकळ्या होऊ. पण तिथली ती मुलगी, माझ्या लेकीच्या वयाची, मला उभी करून नुसती बघतच राहिली. पुढून बघितलं, बाजूनं बघितलं, मागे जाऊन बघितलं. एवढं निरखून तर मला पाहायला आलेल्या सोयऱ्यांनीही पाहिलं नव्हतं. मग खुब्याच्या दोन्ही हाडांवर हात ठेवून कोणतं वर, कोणतं खाली ते ताडलं. वाकायला लावलं, डावीउजवीकडे झुकायला लावलं, "दुखेल तिथं थांबा काकू" म्हणाली. निजवून एकेक पाय सरळ वर उचलला. टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं. नस दबलेली नाही, असं सांगितलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

नंतर खोकं उचलायला दिलं. मी उचललं तसं ती म्हणाली, "बघा, सगळं कंबरेतून उचलता तुम्ही. गुडघे आणि खुबे नुसते बघत उभे राहतात." मी हसले. तिनं मग विचारलं, "रोज उजव्या खांद्यावर मोठं ओझं असतं का? खांदा उतरलाय, आणि धड डावीकडे कललंय."

"हाय ना. पाण्याचा गंज. पण अर्धाच भार असते, दोघी वाह्यतो."

"अर्धा?" ती म्हणाली. "वाहून दाखवता का?"

बाहेर बाकावर बसलेल्या सोबतिणीला आत बोलावलं. फरशी पुसायचा दांडा आणला, त्याच्या बरोबर मध्यावर दोरीनं पाण्याची कॅन टांगली. दांडा खांद्यावर घेऊन आम्ही चालू लागलो. समोर भिंतभर आरसा होता.

त्या आरशात मी पहिल्यांदा माझ्या मागे काय चालतं ते पाहिलं. माझ्या खांद्यामागून तिचा हात दिसत होता. तो दोरीवर होता, असायलाच हवा होता. दुसऱ्या पावलाला त्यानं दोरी धरून हळूच पुढे सारली, माझ्याकडे. पुन्हा एक पाऊल, पुन्हा थोडी. ती आरशात बघतसुद्धा नव्हती. पदर सारखा करावा इतकं सहज चाललं होतं ते.

"पुन्हा एकदा चला," ती मुलगी म्हणाली. कॅन मध्यावर आणून आम्ही पुन्हा चाललो. पुन्हा तेच.

कॅन माझ्या पाठीला लागायच्या बेतात होती. मुलगी कोणाकडेच न बघता म्हणाली, "ओझं ज्याच्या जवळ, त्याच्यावर जास्त भार. एवढ्यानंच दुखतं असं मी म्हणणार नाही काकू. पण रोज असं होत असेल तर पाठ बोलणारच."

"दोरी घसरते वं आपोआप," सोबतीण म्हणाली.

परतीच्या गाडीत तिनं मला खिडकीची जागा दिली, पाठीमागे आपली शाल घडी करून ठेवली. त्या शालीचा मला असा संताप आला की काढून बाहेर फेकावी. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. तिची गर्भपिशवी काढली होती तेव्हा मी एकटीनं कळशीकळशीनं पाणी भरलं होतं, तिला तांब्यालाही हात लावू दिला नव्हता. तिनं म्हटलं असतं, मला झेपत नाही, तू जास्त घे, तर मी घेतलं असतं. हसत घेतलं असतं. तिनं मागितलं नाही, मागून सरकवलं. आणि वरून तेल चोळलं. कोणाला सांगणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

दुसऱ्या दिवशी तिच्या आधी शाळेत गेले आणि कोपऱ्यातला बांबू उजेडात आणला. दोर घसरत असता तर बांबूवर सगळीकडे घासलेलं दिसलं असतं. मधला भाग नव्यासारखा कोरा होता. माझ्या टोकाकडे मात्र, रोज वाटभर एकाच जागी धरलेल्या दोरानं खाच पाडली होती, बोट फिरवलं तर गुळगुळीत लागेल अशी. मी त्या खाचेवरून बोट फिरवत बसले आणि रडले.

वजन उचलायचं नाही असं मला बजावलं होतं. तरी त्या सकाळी टाकीवर गंज रोजच्याएवढाच भरला, मध्यावर दोराला गाठ मारली आणि तिला म्हटलं, "आज पुढं तू हो. वाट तुही, गंज माहा."

तिनं माझ्याकडे पाहिलं. काहून, असं विचारलं नाही. गुपचूप पुढे झाली. आम्ही बांबू उचलला, आणि मला धक्काच बसला. माझ्या खांद्याला तो गंज चक्क हलका लागला. इतका हलका, की यात पाणी आहे का, असं वाटावं.

ती दहा पावलंही गेली नसेल. थांबली. मान ताठ ठेवून धापा टाकत म्हणाली, "आज लय भरला का वं?"

"रोजच्याएवढाच हाय," मी म्हटलं.

ती तशीच उभी राहिली. तिला वळता येत नव्हतं. पाणी सांडलं असतं.