बंबाचं पाणी आणि आबांचा ट्रक

दिवाळीनंतर आबांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांचा ट्रक मेहरूणच्या आमच्या घरासमोर उभाच राहिला. आबा म्हणजे माझे वडील. उजवा हात गेला होता, बोलणंही जड झालं होतं. घरातल्यांनी आठवड्याभरात ठरवून टाकलं की गाडी भंगारात द्यायची. भावाने तर भंगारवाल्याला येऊन बघायलाही सांगितलं होतं.

मी म्हटलं, "मी चालवेन."

सगळे हसले. मी नवऱ्याचं घर सोडून माहेरी आले तेव्हा आबांनी माझ्यासमोर दोन गोष्टी ठेवल्या होत्या : जेवणाचं ताट आणि स्टिअरिंग. नातेवाइकांच्या नाकावर टिच्चून त्यांनी मला जड वाहनाचं लायसन काढायला लावलं. चार वर्षं मी त्यांच्या शेजारी बसून कापूस वाहिला, निम्म्या वाटा मीच गाडी चालवली. पण सकाळी गाडी सुरू करायचं काम मात्र ते कुणालाच देत नसत. ते एकच मी शिकले नव्हते.

जानेवारीत धरणगावच्या पुढच्या एका खेड्यातला कापूस जिनिंगला न्यायचं मी कबूल केलं. भावाला न विचारता. त्या आठवड्यात थंडी अशी होती की नळाखाली हात धरवत नव्हता. सकाळी साडेसहाला मी केबिनमध्ये चढले आणि किल्ली फिरवली. इंजिन कण्हल्यासारखं दोनदा फिरलं आणि थांबलं. मी पुन्हा फिरवली. पुन्हा. चिडून धरूनच ठेवली. शेवटी नुसती टक् टक् उरली. बॅटरी मीच संपवली होती.

गल्लीत माणसं जमली. समोरच्या घरातले नाना स्वतः जुने ड्रायव्हर. ते मफलर गुंडाळून पुढे आले.

"ताई, ऑइल गोठल्यासारखं झालंय. खाली चिंध्या पेटवू. आम्ही असंच करायचो."

"आग नाही लावायची, नाना."

"मग ट्रॅक्टर बोलवा, ओढून सुरू होईल."

भाऊ ओट्यावर उभा होता. म्हणाला, "कशाला तमाशा करतेस? इंजिन संपलंय. भंगारवाला दुपारी येतोय."

माझी कानशिलं तापली. मी उत्तर देणार तेवढ्यात दारातून आबांचा आवाज आला. आईने त्यांना खुर्चीत बसवून बाहेर आणलं होतं. तोंड एका बाजूला ओढलेलं, पण डोळे गाडीवर रोखलेले.

"मरेल नही शे," ते एकेक शब्द ढकलत म्हणाले. "गारठेल शे. पाणी... तपाड." गाडी मेलेली नाही, गारठली आहे; पाणी तापव.

आईने बंब पेटवलेलाच होता. मी रेडिएटरचा नळ खाली वाकून सोडला, गार पाणी वाहू दिलं आणि वाफाळती बादली उचलली. आबांनी डावा हात खुर्चीवर आपटला.

"कोमट! आधी कोमट!"

कढत पाणी गार लोखंडावर एकदम ओतलं तर लोखंड तडकतं, हे मला तेव्हा कळलं. मी नळ बंद करून रेडिएटरमध्ये आधी कोमट ओतलं, थांबले, सोडून दिलं. मग जास्त गरम. मग कढत. तीन वेळा. नाइटीवर स्वेटर, पाय चिखलात. बघणाऱ्यांपैकी कोणी हसलं की काय, मला माहीत नाही. मी वळून पाहिलं नाही.

मग आबांनी डाव्या हाताचा अंगठा हवेत वरखाली केला. डिझेलचा हातपंप. दोन महिने उभ्या गाडीच्या नळीत हवा शिरली होती. मी फिल्टरवरचा स्क्रू सैल केला आणि पंप मारत राहिले. आधी फेसाळ डिझेल फुसफुसत आलं, मग बुडबुडे संपले आणि सलग धार लागली. स्क्रू आवळला. हात डिझेलने बधिर झाले होते.

"नाना," मी म्हटलं, "काडी नको, बॅटरी द्या."

नाना आपली गाडी जवळ घेऊन आले आणि जाड केबल जोडून दिली.

"क्लच दाब," आबा म्हणाले. "पूर्ण. दहा मोज. मंग सोड. दम खाऊ दे."

मी क्लच तळापर्यंत दाबला, म्हणजे गिअरबॉक्समधल्या घट्ट ऑइलचं ओझं इंजिनवर येत नाही. अॅक्सिलेटर दाबून किल्ली फिरवली. दहा मोजले, सोडली. थांबले. दुसऱ्या वेळी एक सिलिंडर पेटलं, मग दुसरं. गाडी अंगभर थरथरली. पांढऱ्या धुराने गल्ली भरली आणि त्या धुरातून माझा भाऊ खोकत घरात गेला.

आबांचा चेहरा ओला होता. थंडीमुळे, असं आई सांगते.

खेड्यावर पोचायला मला दीड तास उशीर झाला. शेतकरी केबिनच्या दुसऱ्या बाजूने चक्कर मारून आला.

"ड्रायव्हर कुठे आहे?"

"मीच."

"मग इंजिन बंद करा की. का बंद केलं तर सुरू होणार नाही?" हमाल हसले.

मला खरोखर भीती वाटत होती. पण मी स्टॉपची दांडी ओढली. शांतता झाली. खाली उतरले, हात धुतले, चहा घेतला. मग सगळ्यांच्या देखत वर चढून किल्ली फिरवली. एका फिरकीत सुरू. पुन्हा बंद केलं.

"भरा कापूस," मी म्हटलं.

भंगारवाला दुपारी येऊन रिकामी जागा बघून गेला.

फेब्रुवारीत आबांनी हट्ट धरला की त्यांनाही यायचंय. डॉक्टर नको म्हणाले, भाऊ नको म्हणाला. मी नाना आणि दोन हमालांना बोलावलं, चौघांनी मिळून त्यांना उचलून डाव्या सीटवर बसवलं आणि कमरेभोवती आईचं लुगडं बांधून घेतलं. पाचोऱ्यापर्यंत ते प्रत्येक गिअरला मला ओरडत होते. अर्धे शब्द कळत नव्हते. मीही तितक्याच मोठ्याने उलट ओरडत होते, आणि गाडी चालली होती.