ब्रेकमधलं एरंडेल

हसा हो, खुशाल हसा, पण आधी हातातला चहा खाली ठेवा. कारण एका सकाळी मी एका भल्या माणसाची शर्यत घालवली, उज्जैनमधल्या आमच्या सबंध फ्रीगंजची इज्जत घालवली, आणि तेही आळसानं नाही. हुशारीनं!

संस्थानं विलीन झाली त्या वेळची गोष्ट. आमच्या कचेरीवरची जुनी पाटी उतरली होती आणि मध्यभारताची नवी पाटी चढली होती. तिचा रंगसुद्धा धड वाळला नव्हता. मी तिथं बांधकाम खात्यात कारकून. वय चोवीस, आणि दिमागात मोटारींशिवाय दुसरं काही नाही. स्वतःची मोटार? छे! सायकल होती, तीही थोरल्या भावाची. पण मोटारींवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मी वाचलं होतं, आणि ते वाचलंय हे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

आमच्या शेजारी रावसाहेब राहायचे. पूर्वी संस्थानच्या पागेचे अधिकारी. पागा गेली, घोडे गेले, पण वेगाचा शौक कुठे जातो? एका जहागीरदारानं आपल्या मोटारी विकायला काढल्या, तेव्हा रावसाहेबांनी त्यातली लाल, दोन माणसांची, बिनटपाची स्पोर्ट्स कार उचलली. काय गाडी होती म्हणून सांगू! उभी असली तरी पळतेय असं वाटायचं!

आणि मग ती बातमी आली. गावाबाहेरच्या विमानांच्या धावपट्टीवर मोटारींची शर्यत! इंदूरवाले येणार! फ्रीगंजात आठ दिवस दुसरा विषय नाही.

"वसंता," रावसाहेब मला म्हणाले, "इंजिनाची मला फिकीर नाही. पण सरळ पट्टी संपली की एकदम वळण आहे. तिथं ब्रेक लागले नाहीत तर मी थेट शेतात. ब्रेकचं सगळं तू बघ. तू वाचलंयस."

आता मला सांगा, चोवीस वर्षांच्या पोराला असं कुणी म्हणावं का?

घड्याळाच्या टावरजवळ करीम उस्तादांचं मोटार दुरुस्तीचं दुकान होतं. हात काळे, दाढी पांढरी, बोलणं मोजकं. त्यांनी चारी चाकं उतरवली आणि माझ्यापुढे दोन प्रकारचे ब्रेकचे पट्टे ठेवले.

"ये नरम है, बाबूजी. पाँव रखते ही पकड़ेगा."

"आणि तापल्यावर?"

"तपेगा तो छोड़ भी देगा."

"मग कडक लावा! शर्यतीत ब्रेक तापतातच. पुस्तकात साफ लिहिलंय."

उस्तादांनी कडक पट्टे उचलले. "बात तो सही है. बस, ठंडे में पाँव ज़ोर से देना पड़ेगा."

ऐकलंत? बात सही है! करीम उस्ताद म्हणाले! इथंच माझा घात झाला बघा. त्या दिवसापासून मला वाटायला लागलं की ब्रेक या विषयात उज्जैनमध्ये दोनच माणसं आहेत, आणि त्यातले एक उस्ताद.

त्यांनी तांब्याचे रिव्हेट ठोकून पट्टे बसवले, चाकांच्या आतले ड्रम घासून आरशासारखे केले. शुक्रवारी त्यांना भाचीच्या लग्नाला रतलामला जायचं होतं. निघता निघता म्हणाले, "सिर्फ तेल बदलना बाकी है. डिब्बा आले में रखा है. पुराना निकालो, नया भरो, हवा निकाल दो. और बाबूजी, दूसरा कुछ मत करना."

मी कोनाड्यातला डबा काढला, झाकण उघडलं, हुंगलं.

एरंडेल!

अहो, लहानपणी नाक दाबून प्यायलेलं एरंडेल मी ओळखणार नाही? रावसाहेबांच्या गाडीला काय जुलाब द्यायचाय? उस्ताद बिचारे जुन्या वळणाचे, मी मनात म्हटलं, त्यांना काय माहीत! मी डबा परत ठेवला आणि रावसाहेबांकडचं सगळ्यात भारी, विलायती इंजिन ऑईल घेऊन आलो. सोन्यासारखा रंग! ते ब्रेकमध्ये ओतलं.

ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला पेडलवर स्वतः रावसाहेब.

"दाबा!"

"दाबलं!"

"सोडा!"

"सोडलं! वसंता, काय भारी वाटतंय रे!"

संध्याकाळी आम्ही चक्कर मारली. ब्रेक असे लागले, असे लागले की रावसाहेबांची टोपी उडून पुढे पडली. त्यांनी मला मिठी मारली!

रविवारी सकाळी धावपट्टीकडे निघालो तेव्हा गाडी जरा जड चालत होती.

"ओढत का नाही रे?"

"नवे पट्टे बसतायत, रावसाहेब. पकड घट्ट आहे."

थोड्या वेळानं चाकांतून धूर यायला लागला.

"हे काय?"

"रंग! ड्रमवरचा रंग जळतोय. पहिल्यांदा होतंच."

विचारा, पुस्तकात असं कुठे लिहिलं होतं? कुठेही नाही!

मैदानावर टांगे, सायकली, माणसंच माणसं. लाऊडस्पीकरवाल्यानं सांगितलं, "और उज्जैन की लाल गाड़ी! इनके इंजीनियर, वसंतराव!" टाळ्या! मी हात हलवला.

निशाण पडलं. इंदूरच्या गाड्या सुटल्या. आमच्या गाडीनं एक डरकाळी फोडली, जागच्या जागी थरथरली आणि बंद पडली. पुन्हा चालू. पुन्हा डरकाळी. तसूभर हलेना!

"वसंता!" रावसाहेब ओरडले. "ही का थांबलीय? मी तर ब्रेकला पाय लावला नाहीये!"

तेवढ्यात गर्दीतून करीम उस्ताद आले, रतलामहून थेट. त्यांनी ब्रेकच्या तेलाच्या टाकीत बोट बुडवलं, हुंगलं आणि डोळे मिटले.

"क्या डाला?"

"सगळ्यात भारी... इंजिनवालं."

"अंदर के सारे रबर फूल गए, बाबूजी. चारों पहिए जाम. अरंडी इसीलिए डालते हैं कि रबर को न खाए!"

दुसरी शर्यत खोळंबली होती. गाडी बाजूला उतारावर ढकलायची ठरली. मी स्टिअरिंगला, मागे चार दांडगे लोक, आणि उस्ताद एकेका चाकापाशी बसून तेलाचा दाब सोडायला स्क्रू ढिला करतायत. एक झालं. दोन झाली. तीन...

चौथा स्क्रू फिरला मात्र, फस्स! तेलाची पिचकारी उडाली, ढकलणारे चौघे तोंडावर आपटले आणि गाडी सुटली! मी जीव खाऊन ब्रेक दाबला. पेडल थेट तळाला! ब्रेकमध्ये होतंच काय आता?

"और ये चली उज्जैन की गाड़ी!" लाऊडस्पीकर गरजला. लोक टोप्या उडवायला लागले! मी "बाजूला व्हा, हटो, हटो!" असं दोन्ही भाषांत ओरडत उतारावरून खाली, बांधावरून धाडकन उडून, ज्वारीच्या कडब्याच्या गंजीत!

सगळं शांत झालं. रावसाहेब धावत आले. त्यांनी माझ्या डोक्यावरचा कडबा काढला.

"लागलं का रे?"

"नाही."

"मग एक सांग. हँडब्रेक का नाही ओढलास?"

"रावसाहेब," मी विचारलं, "या गाडीला हँडब्रेक आहे?"

त्यांनी नुसतं माझ्या हाताकडे बघितलं. मीही बघितलं. सबंध उतारभर पडू नये म्हणून जो दांडा मी घट्ट धरून, जिवाच्या आकांतानं पुढे रेटत बसलो होतो, तोच तो!