चाळणआत्यांच्या अळ्या

पिठातली अळी आणि चाळणआत्या यांचं हाडवैर होतं. लग्न होऊन त्या गिरणीवाल्याच्या घरात आल्या तेव्हापासूनचं. दळणाचा डबा उघडला की त्या आधी वास घेत, मग मूठभर दाणे तळहातावर पसरत, आणि किडका दाणा दिसला की गिऱ्हाईक कितीही मोठं असो, डबा परत. "आधी ऊन दाखवा, मग गिरणी दाखवा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांच्या नजरेतून काही निसटत नाही म्हणून गल्लीनं त्यांचं नाव चाळणआत्या पाडलं. यजमान तर म्हणायचे, "हिच्या धाकानं अळ्या रस्ता बदलून जातात."

यजमान गेले, गिरणी सुनेनं हाती घेतली. आत्या मागच्या अंगणात चाळणी घेऊन बसू लागल्या. हात चाळत राहत, डोळे समोरच्या भिंतीवर. जुन्या इंजिनाचा पाइप काढल्यावर त्या भिंतीत एक भोक उरलं होतं. यंदा तिथे दयाळ पक्ष्याच्या जोडीनं घरटं केलं. काळापांढरा नर सकाळी छपराच्या कोपऱ्यावर बसून असा गायचा, की सुनेलाही गिरणी सुरू करवत नसे.

मग एके दिवशी मांजरानं मादी नेली. त्यातच शेजारच्या बागेत माळ्यानं औषध फवारलं. बाग चकाचक झाली, किड्याचं नाव उरलं नाही. नर एकटाच दिवसभर भिरभिरायचा आणि रिकाम्या चोचीनं परतायचा. भोकातली चिवचिव दिवसागणिक बारीक होत चालली. ती ऐकू आली की आत्या चाळणी थांबवून भोकाकडे बघत बसत.

एका दुपारी कोंडा चाळताना एक लांबट पिवळी अळी जमिनीवर पडली. आत्यांनी सवयीनं चप्पल उचलली. तेवढ्यात दयाळ वाऱ्यासारखा आला, चपलेखालची अळी टिपली आणि भोकात शिरला. आत एकच कालवा उठला. आत्यांच्या हातातली चप्पल हातातच राहिली.

सुनेनं टाकून द्यायला काढलेलं जुन्या कोंड्याचं पोतं कोपऱ्यात पडलं होतं. त्यात अळ्याच अळ्या. आत्यांनी त्यातल्या ओंजळभर वेचल्या. पुढचं मात्र त्यांच्या हातांनी त्यांना न विचारताच केलं: अळ्या कागदावर पसरून कडक उन्हात ठेवल्या. दयाळ आला. त्यानं मान एका अंगाला कलवली, मग दुसऱ्या. वाळून काडी झालेल्या त्या अळ्यांकडे पाहिलं आणि उडून गेला.

"अगं बाई!" आत्यांनी कपाळावर हात मारला. "त्याला वळवळणारी हवी, आणि मी मारून वाढतेय!"

म्हणजे आता अळ्या जगवायच्या. त्यांनी एका जुन्या डब्यात कोंडा भरला, ओलाव्यासाठी गाजराच्या चकत्या टाकल्या, झाकणाला भोकं पाडली आणि डबा स्वयंपाकघरातल्या कपाटामागे सारला. सुनेला तो सापडायला वेळ लागला नाही.

"आई! हे काय पाळलंय?"

"हळू बोल. बाहेर गिऱ्हाईक आहे."

"तेच म्हणते मी! गिरणीवाल्याच्या घरात डबाभर अळ्या! कुणी पाहिलं तर उद्यापासून आपल्याकडे काळं कुत्रं फिरकणार नाही. आणि मला म्हणता गाजरं संपली!"

"सोलून नाही हो देत मी त्यांना."

सुनेला हसू आवरेना. "पिल्लं उडेपर्यंत," ती म्हणाली. "आणि डबा अंगणात. नंतर हा मला दिसता कामा नये."

अळ्यांना चढता येऊ नये म्हणून आत्या त्या गुळगुळीत स्टीलच्या वाटीत ठेवत आणि चाळणीच्या कडेवर टिचकी मारत. टक्, टक्. आधी आत्या घरात गेल्यावरच दयाळ यायचा. मग त्या बसलेल्या असतानाही येऊ लागला. मग टिचकी वाजायचा अवकाश, की तो छपरावरून खाली. एका सकाळी आत्यांनी वाटी बाजूला ठेवली, अळ्या तळहातावर घेतल्या आणि दुसऱ्या हातानं चाळणी वाजवली.

तो बोटांवर येऊन बसला. त्याच्या नख्या टोचल्या, पण आत्यांनी श्वासही घेतला नाही. नुसता डबा उचलून दळणाचं वजन सांगणारी बाई ती. पण त्या पाखराचं वजन काही हाताला कळेना. कळत होती ती फक्त ऊब, आणि त्याच्या आतली धडधड.

भोकातला आवाज पुन्हा भरला. आणि एका सकाळी टिचकी वाजली, तर भोक गप्प. आत्यांनी पुन्हा वाजवली. काही नाही. मांजर कुंपणापाशी तर नाही ना, म्हणून त्या वळल्या आणि तशाच थांबल्या.

भिंतीच्या माथ्यावर दयाळ शेपटी उभारून बसला होता. त्याच्या शेजारी ठिपक्याठिपक्यांच्या छातीचा, आखूड शेपटीचा एक गोळा. त्यापलीकडे आणखी एक. सगळ्यांत मागे तिसरा, तोल सावरत, आ वासून. सगळे चाळणीकडे बघत होते.

पिठानं पांढरी झालेली सून दारात येऊन उभी राहिली.

"आई," ती हलक्या आवाजात म्हणाली, "अजून आपलं आपण खाता येत नाही त्यांना."

"नाही."

"मग डबा राहू दे. गाजरं आणते मी." आणि तिनं आपला तळहात पुढे केला. आत्यांनी त्यावर एक अळी ठेवली. सून शहारली, पण हात मागे घेतला नाही.

"अहो, दळण झालं का?" पुढून गिऱ्हाईकानं हाक मारली.

"होतंय, होतंय," सून जागची न हलता म्हणाली. गिरणी अजून सुरूही झाली नव्हती.